रविवारची टोपली

एलिसारा आमच्या घराच्या पायऱ्यांशी उभा होता, झावळीची टोपली दोन्ही हातांवर धरून. भाजलेल्या डुकराचा वास घरभर आला. दर रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर गावातलं एक घर मला, पाळकाला, जेवण आणून देतं. आज त्याची पाळी होती. आणि त्याची बायको सिनेवा, नर्सनं फळ्या बांधलेला मोडका हात गळ्यात अडकवून, पहाटेपासून आमच्या आतल्या खोलीत बसली होती.

"पाळकसाहेब, गरम आहे तोवर घ्या," तो हसून म्हणाला. "आणि तिला द्या पाठवून. पुरे झाला रुसवा म्हणावं."

टोपली घेतली की पाळकानं दारात उभं राहून, त्या घराचं नाव घेऊन मोठ्यानं आभार मानायचे असतात. आजूबाजूची घरं त्यासाठीच थांबली होती. चाळीस वर्षांत सामोआतल्या तीन गावांत मी एकही टोपली परत केली नव्हती. घर गावाचं, अन्न गावाचं. माझी म्हणावीत अशी फक्त पुस्तकं. एलिसारा मंडळीतला डीकन, चर्चचा कारभार बघणारा; त्याचा थोरला भाऊ गावच्या पंचांतला मुख्य.

मी काहीतरी पुटपुटलो.

"काय म्हणालात?"

माझा आवाज मुळातच लहान. पुन्हा म्हणावं लागलं, आणि या वेळी तो नको इतका मोठा निघाला.

"टोपली परत ने, एलिसारा. ती येणार नाही."

शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं.

त्यानं टोपली पायरीवर ठेवली. हसू तसंच होतं. "दोनदा तुम्हीच तिला माझ्या दारात आणून सोडलंत. क्षमा करणारीचं घर टिकतं, हे तुमचेच शब्द. आता काय, देव बदलला?"

"नाही. मी चुकलो होतो."

"उद्या पंच बसतील," तो म्हणाला. "पुस्तकं बांधून ठेवा."

तो गेल्यावर माझ्या बायकोनं, फिलेमूनं, भात टाकला. भात आणि पत्र्याच्या बंद डब्यातले मासे. पायरीवरच्या टोपलीला कुणी हात लावला नाही. सिनेवानं आतून सगळं ऐकलं होतं. जेवायला बसल्यावर मीठ तिनं फिलेमूकडे मागितलं; ते माझ्या हाताशी होतं.

मला तिची क्षमा मागायची होती. सकाळपासून वाक्यं जुळवत होतो. पण दोनदा मीच तिच्याकडून क्षमा मागून नेली होती, तीही दुसऱ्यासाठी. तिसऱ्यांदा मागायचा धीर झाला नाही.

ती एका हातानं माशांचा डबा उघडायला बघत होती. मी तो ओढून घेतला, झाकण काढलं आणि पुन्हा तिच्यापुढे सरकवला.