माझ्याकडे तर वाजतंय

नाटकात एक जागा अशी होती की तिथे कुणीच काही बोलत नसे. आई मुलाच्या रिकाम्या खाटेपाशी उभी राहायची आणि मागे फक्त एक लांब सूर. तो सूर ताई वाजवायची, कीबोर्डवर बोट धरून, शेजारच्या लॅपटॉपमधून. मंगळवारच्या तालमीत त्या सुराला उचकी लागली. कर्र, कट्, कर्र. आईचं काम करणारी बाई दचकली, मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि दिग्दर्शकाने टाळी वाजवून तालीम थांबवली.

"हे तिसऱ्यांदा," तो म्हणाला. "शनिवारी प्रयोगात पुन्हा झालं, तर मी सगळं संगीत रेकॉर्ड करून लावणार. मग वाजवायला माणूस लागायचाच नाही."

वाजवायला माणूस म्हणजे ताईच. अकरा वर्षं ती नाटकांना साथ करत होती आणि आजवर तिला कुणी असं सुनावलं नव्हतं. बरं, लॅपटॉपवर तो सूर तयार करणाऱ्या ज्या सॉफ्टवेअरने चारचौघांत तिची शोभा केली, ते चार वर्षांपूर्वी लिहून विकायला काढलं होतं तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने. घरात त्याला सगळे शहाणा म्हणत. लहानपणी कौतुकाने म्हणत. ताई आता दातओठ खाऊन म्हणत होती.

शहाण्याचं निदान फोनवर अर्ध्या मिनिटात झालं. "ताई, तुझा लॅपटॉप म्हणजे नुसतं डबडं आहे. सहा वर्षांचा झाला. बदल."

"बाकी सगळं नीट चालतं त्याच्यावर."

"माझ्याकडे तर वाजतंय."

हे वाक्य ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण शनिवार तोंडावर आला होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी. गुरुवारी ती त्याला घेऊन दुकानात गेली.

गाण्याबजावण्यातली मंडळी लॅपटॉप घ्यायला याच दुकानात यायची. दुकानदाराने प्रोसेसर, रॅम, स्क्रीन असा पाढा सुरू केला. ताईने पिशवीतून हातभर लांबीचा कीबोर्ड आणि हेडफोन काढून काउंटरवर ठेवले.

"आकडे राहू द्या. मला वाजवून बघायचंय."

"अहो मॅडम, लॅपटॉप कुणी वाजवून घेतं का?"

"मी घेते."

शहाण्याने पेन ड्राइव्हवरून आपलं सॉफ्टवेअर चढवलं. पहिल्या लॅपटॉपवर तिने तो लांब सूर धरला, त्यावर आणखी तीन सूर ठेवले. कर्र. दुसऱ्यावर कट्. तिसरा चांगलाच महाग होता, तरी चाळिसाव्या सेकंदाला उचकी लागलीच.

"कसं असतं ताई, आवाज बारीक बारीक तुकड्यांत तयार करून पुढे द्यायचा असतो," शहाणा समजावू लागला. "रांगेत उभं राहून पाण्याच्या बादल्या पुढे देतात ना, तसं. एक बादली उशिरा आली की तेवढा वेळ आवाजच नाही. या मशीनना ते झेपत नाही." जसं काही मशीननीच पाप केलं होतं.

शेवटी दुकानदाराने काचेच्या कपाटातला सगळ्यात भारी लॅपटॉप काढला. त्याच्यावर सूर पाच मिनिटं स्वच्छ वाजला. किंमत ताईने पुन्हा एकदा विचारून घेतली आणि पर्स उघडली.

दुकानदार खुशीत आला. "हे सॉफ्टवेअर तुमचं होय?" त्याने शहाण्याला विचारलं. "अहो, देव तुमचं भलं करो! यंदा याच्यापायी चार जण हाच लॅपटॉप घेऊन गेले. सॉफ्टवेअरवालेच कळवतात म्हणे, मशीन बदला म्हणून."

ताईने पर्स बंद केली.

"या पहिल्या, स्वस्तातल्या लॅपटॉपवर दुसऱ्या कुणाचं असं वाजवायचं सॉफ्टवेअर आहे का?" तिने दुकानदाराला विचारलं. दाखवण्यापुरतं एक फुकटातलं होतं. तिने चार सुरांच्या जागी दहा सूर धरले. हूं नाही की चूं नाही. ती भावाकडे वळली.

"लोकांना कळवतं कोण?"

"मी. म्हणजे एक तयार उत्तर आहे, तेच पाठवायचं."

"तू लिहितोस कशावर?"

त्याने काचेच्या कपाटाकडे पाहिलं. "याच्याहून एक वरचा आहे माझा."

"आणि तपासतोस कशावर?"

"त्याच्यावरच."

"दुसऱ्या कशावर? कधी? एकदा तरी?"

शहाणा काउंटरवरची केबल गुंडाळत बसला.

"माझ्याकडे वाजतंय, माझ्याकडे वाजतंय!" ताईचा आवाज दुकानाबाहेर गेला. "मग नाटक तुझ्या खोलीत करू का? प्रेक्षकांना तुझ्या पलंगावर बसवू? नाचता येईना अंगण वाकडं, आणि वर लोकांना अंगणं विकत घ्यायला लावतोस!"

दुकानदार काच पुसू लागला. त्याच्या फडक्याला तेवढ्यात फार काम निघालं होतं.

तिथून ती तडक त्याच्या खोलीवर गेली, त्याचा लॅपटॉप चार्जरसकट उचलला आणि आपलं डबडं त्याच्या टेबलावर ठेवलं.

"ताई, यावर एकेक बदल करून बघायला अर्धा-अर्धा तास लागेल!"

"मग आधी विचार कर, मग बदल कर."

शनिवारी भावाच्या लॅपटॉपवर तो सूर अखंड वाजला. आईचं काम करणारी बाई खाटेपाशी उभी राहिली, आणि अख्ख्या हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. दिग्दर्शक ताईजवळ आला. "नवीन लॅपटॉप घेतलात ना? मला वाटलंच होतं, तुमचं मशीनच भंगार होतं! आता तुम्हाला हलवत नाही." जागा वाचली म्हणून ताईला हायसं वाटलं, आणि त्याच श्वासात राग पुन्हा उसळला. मशीन भंगार असल्याचं खोटं तिच्याच माथी बसलं होतं, आणि तेच खोटं तिला वाचवून गेलं होतं.

प्रयोगानंतर ती शहाण्याच्या खोलीवर पोचली तेव्हा तो वाढलेल्या दाढीने, हेडफोन लावून तिच्या लॅपटॉपवर ओणवा झाला होता. "कुठल्या गाढवाने लिहिलंय हे!" तो स्क्रीनवर खेकसत होता. तिला पाहून त्याने हेडफोन काढले आणि तिच्या कानाला लावले. सूर स्वच्छ होता. तिच्या सहा वर्षांच्या डबड्यावर.

"एकच बादली धुऊन वापरायची सोडून मी दर वेळी नवी बादली बनवायला बसत होतो," तो म्हणाला. "माझ्या मशीनवर ते कधी जाणवलंच नाही. काल सकाळी सापडलं, आत्ता झालंसुद्धा." मग तो हळूच म्हणाला, "एका दिवसाचं काम होतं, ताई."

"ते तयार उत्तर किती जणांना पाठवलंस?"

त्याने मोजून पाहिलं. "तीनशे बारा."

ताईने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. "लिही त्यांना. दोष तुमच्या मशीनचा नव्हता. एका दिवसाचं काम होतं, ते मी चार वर्षं केलं नाही."

"असंच लिहू?"

"अस्संच."

त्याने पहिलं नाव उघडलं. खाली त्या माणसाने शेवटचं लिहिलेलं अजून तसंच होतं: सल्ल्याबद्दल आभारी आहे, जुना विकून नवीन घेतला. शहाण्याने 'दोष' एवढंच टाइप केलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. ताईने त्याला घाई केली नाही, आणि माफही केलं नाही.