वर चक्की, खाली मी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. पूर्वी मी ट्रकची होते. चार वर्षं तो ट्रक मी रोज सकाळी एका झटक्यात उठवला. पाचव्या वर्षी थंडीत मला दम लागू लागला, तेव्हा ड्रायव्हरनं नवी बॅटरी बसवली आणि मला गॅरेजच्या मागच्या भिंतीशी ठेवून दिलं. तिथे फुटके टायर आणि उंदीर एवढीच माझी सोबत होती.

त्या गॅरेजमधल्या एका फिटरनं मला उचललं. त्याचं घर टेकडीवर होतं. विजेच्या तारा खाली ओढ्यापर्यंत येऊन थांबल्या होत्या. घरात त्याचे वडील, म्हणजे सुतारबाबा, आणि त्याची बायको, अशी दोनच माणसं. तो स्वतः गॅरेजवर राहायचा आणि रविवारी घरी यायचा.

"ट्रक उठवणं आता हिच्यानं होणार नाही," तो वडिलांना म्हणाला, "पण आपला दिवा सहज चालवेल."

माझा ऊर भरून आला. वाटलं, या घराचा उजेड म्हणजे मीच.

तो आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी ती आली.

ती म्हणजे पवनचक्की. फिटरनं मोडक्या यंत्रातली मोटर आणली होती. सुतारबाबांनी हातभर लांबीची तीन लाकडी पाती तासली, घासली, तेल पाजून चकचकीत केली. मागे पत्र्याची शेपटी लावली. मग घराच्या दुप्पट उंच पाइपावर तिला चढवून चारी बाजूंनी तारांनी ताणून बांधलं. वारा आला की ती फिरायची. तिची वीज वायरीतून माझ्या पोटात यायची आणि संध्याकाळी माझ्यातून दिव्यात जायची. कमावणारी ती, जपून ठेवणारी मी. एका घरात नांदायला आलेल्या आम्ही दोघी जावाच म्हणा ना!

पण कौतुक कुणाचं? येणारा-जाणारा मान वर करून तिलाच बघायचा. मी स्टुलाखाली कोपऱ्यात. वारा असला की, "चक्कीनं आज काय उजेड दिलाय!" वारा पडला, बाईसाहेब चार दिवस नुसत्या उभ्या राहिल्या, की, "बॅटरी उतरली वाटतं." माझ्या पोटात ॲसिडच असतं, मित्रांनो, त्यामुळे जळणं मला नवं नव्हतं. पण ही जळजळ वेगळी होती.

घरातली सून अठ्ठाविसाव्या वर्षी दहावीला बसत होती. लग्नात शाळा सुटली ती सुटलीच होती. आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईंनी तिला सांगितलं, "दहावी हो, पुढचं शिक्षण घे, मग इथे तुझ्यासारखी बाई हवीच आहे." तेव्हापासून स्वयंपाक, धुणं, शेळ्या सगळं उरकून ती दिव्याखाली बसायची. महिन्यातून एकदा माझी सहा झाकणं उघडून त्यात बॅटरीचं पाणी घालायची. तेवढाच माझा लाड. पण तो करतानाही तिचे डोळे खिडकीतून चक्कीकडे लागलेले.

परीक्षा आठ दिवसांवर आली आणि एका दुपारी वादळ उठलं. अशा वेळी दोरी ओढून चक्कीची शेपटी दुमडायची असते, म्हणजे ती वाऱ्याकडे पाठ फिरवते. सून धावत बाहेर गेली. तिनं दोरी ओढली, पुन्हा ओढली. बिजागरी गंजून बसली होती. वर पाती घोंघावू लागली. मी मनात म्हणाले, मोड. मोड एकदाची.

कडकन आवाज झाला. एक पातं मधोमध चिरून छपरावरून पलीकडे जाऊन पडलं.

खोटं कशाला सांगू? मला बरं वाटलं.

संध्याकाळी सुतारबाबा कामावरून आले. तुटकं पातं हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितलं. दिवसा ते दुसऱ्यांच्या दारं-खिडक्यांच्या कामावर जात, त्यामुळे नवं पातं संध्याकाळीच करायला हवं होतं. "तीन संध्याकाळी लागतील," ते म्हणाले. मी तेव्हा निम्मीच भरलेली होते आणि वरून आता काहीच येणार नव्हतं. फिटरनं तर बजावून ठेवलं होतं, "दिवा मंद झाला की बंद करायचा. पार उतरवलीत तर ती पुन्हा पहिल्यासारखी भरायची नाही."

एकच दिवा दोघांच्या मधे टांगला. एका बाजूला रंधा, दुसऱ्या बाजूला गणित. लाकडाचा भुगा तिच्या वहीवर उडायचा, ती फुंकर मारून पुढचं लिहायची. बाबा दिवा तिच्याकडे सरकवायचे, ती हळूच त्यांच्याकडे ढकलायची.

तिसऱ्या संध्याकाळी दिवा मंद झाला. तिनं बटणावर हात ठेवला.

"बाबा, आता बंद करू. बॅटरी कायमची बसेल."

"पातं अजून एका अंगाला जड आहे. असंच लावलं तर सगळा खांब हादरेल."

"मग उद्या करा."

"उद्या उजेड कुठला? आणि तुझा पेपर?"

ती खाली वाकली आणि तिनं माझ्यावर हात ठेवला. "किती ओढलंय हो हिनं. ट्रकवाल्यानं टाकली, आता आपणही पिळायची?"

सुतारबाबा म्हणाले, "सूनबाई, बॅटरी दुसरी आणता येते. तुझी गेलेली वर्षं कुठून आणू?"

ते बोलणं मला लागलं. पण खरं होतं. आणि बघा दैवाची थट्टा: माझा उरलासुरला जीव जायचा होता तो त्या चक्कीच्याच पात्यासाठी. त्याच क्षणी मी विझले असते, तरी कुणी मला बोल लावला नसता. पण त्या पोरीचा हात अजून माझ्यावर होता. या घरात आल्यापासून कुणी पहिल्यांदाच माझी बाजू घेतली होती. मी जीव धरून राहिले. बाबांनी पातं खिळ्याच्या टोकावर तोललं, थोडं तासलं, पुन्हा तोललं. ते आडवं, स्थिर राहिलं. मग मात्र मी विझले.

रविवारी फिटरनं पातं चढवलं, बिजागरीला तेल दिलं. वाराही आला. मी भरले, पण पूर्वीसारखी नाही. तासाभरात थकू लागले. तेवढ्या तासात ती रोज सगळ्यात अवघड धडा आधी वाचायची.

ती पास झाली. लोक पेढे खायला आले आणि अंगणात उभे राहून वर बघत म्हणाले, "चक्कीची कृपा!" मी स्टुलाखाली सगळं ऐकत होते.

पुढे माझ्याशेजारी नवी बॅटरी आली. मला दारातला लहानसा दिवा तेवढा राहिला. आता सून पुढचं शिकून आरोग्यकेंद्रात कामाला जाते. परवा पलीकडच्या टेकडीवरच्या दोन बाया तिच्याकडे आल्या. त्यांनाही चक्की उभारायची होती.

"आधी आत या," सून म्हणाली. तिनं स्टूल बाजूला सारलं. "चक्की काय, कुणालाही दिसते. आधी हिला बघा. हिचं पाणी आटू द्यायचं नाही, पार उतरेपर्यंत वापरायची नाही. आम्ही वापरली एकदा. त्याचं अजून वाईट वाटतं."

मित्रांनो, माझं सांगणंही तेवढंच आहे. तुमच्या घरात जे कोपऱ्यात बसून काम करतं, त्याच्याकडे ते बिघडण्याआधी बघा. माणूस असो की वस्तू.

त्या बाया वाकून मला निरखत होत्या, तेवढ्यात वर चक्की करकरली. वाऱ्यानंच करकरली असेल. पण तिचा जळफळाट झाला, असंच मी धरून चालले आहे.