किल्ली आधी का येत नाही?

हॉटेलच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. छताला लांब साखळीने काचेची बरणी टांगलेली, तिच्यात चांदीची कुलूपबंद डबी आणि डबीत म्हणे तो आकडा! घरपोच किराणा देणाऱ्या, झपाट्याने फुगलेल्या इंटरनेट कंपनीचा तिमाही खर्च. कंपनी तो त्याच संध्याकाळी जाहीर करणार होती. शेअरबाजाराची भाकितं सांगणाऱ्या आकडेमहाराजांनी मात्र तो आठवड्यापूर्वीच लिहून डबीत घातला होता. तेव्हापासून लोक बरणीवर पहारा देत होते, तिच्यासोबत फोटो काढत होते.

"खर्च वाढला की शेअर पडणार," एक डॉक्टर म्हणाले.

"छे हो! खर्च म्हणजेच प्रगती. चढणार!" शेजारचे वकील म्हणाले. दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं डोकं तापलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ चष्म्याचं दुकान गहाण टाकून आलेली सगळी रक्कम शेअरमध्ये गुंतवायला महाराजांच्या हवाली करणार होता. डबी उघडली की लगेच सही.

"ताई, मागच्या वेळी आकडा तंतोतंत जुळला. मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"डबी कधी उघडली?"

"कंपनीचा निकाल लागल्यावर. शिष्य आतून किल्ली आणतो, महाराज कुलूप काढतात."

"किल्ली आधी का येत नाही?"

भाऊ मान उंचावून डबीच्या कुलपाकडे बघू लागला.

"खर्च हा कंपनीचा श्वास आहे!" व्यासपीठावर महाराज गरजले. "सर्व्हर माझ्या कानात कुजबुजतात!" टाळ्यांचा कडकडाट झाला. काही न कळता टाळ्या वाजवल्याची लाज कोणालाच वाटली नाही.

बाई उठल्या. "महाराज, निकाल अजून लागायचाय. डबी आत्ताच उघडा."

"वेळेआधी उघडली तर आकडा विरून जातो, माते."

"शाईने लिहिलेला?"

"बसा खाली!" लोक खेकसले. पण भावाने महाराजांचा पांढराफटक पडलेला चेहरा पाहिला होता. त्याने खुर्चीवर चढून बरणी उतरवली आणि खिशातल्या चष्म्याच्या पेचकसाने डबीच्या बिजागरीचे स्क्रू काढायला घेतले. शिष्य धावले, तेव्हा वकील आडवे आले. "उघडू दे की! आकडा आहे ना आत?"

डबी रिकामी होती.

आतल्या खोलीत एक शिष्य फोनवर निकालाची वाट बघत बसलेला सापडला. त्याच्या हातातली जाडजूड किल्ली आतून पोकळ होती. निकाल लागला की आकडा चिठ्ठीवर लिहायचा, गुंडाळून किल्लीत सारायचा. किल्ली कुलपात फिरली की चिठ्ठी घसरून डबीत पडायची. बरणीवर डोळे लावून बसलेल्यांनी किल्लीकडे कधी बघितलंच नव्हतं.

महाराज मागच्या दाराने पसार झाले.

"पण मग खरा खर्च किती?" डॉक्टरांनी काकुळतीने विचारलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हालाही नाही. तसं म्हणायला लाज कसली? भाकीत करणाऱ्याला त्याचं भाकीत, गोष्ट घडायच्या आधी, सगळ्यांसमोर उघड करायला लावा. नाही म्हणाला तर उठून घरी जा."

भावाने सहीचा कागद फाडला.

"ताई, दुकान गेलं असतं गं."

"गेलं नाही ना? मग चल, आधी गहाण सोडवून येऊ."