धूळ बसलेली निळी काच

मित्रांनो, अमेरिकेतल्या मोनोंगाहेला नदीकाठच्या एका गावात छोटेसे संग्रहालय आहे. तिथल्या कपाटात लाकडी मुठीची निळी काच दिसते ना, ती मी. माझ्याखालच्या पाटीवर लिहिले आहे, ‘पोलाद कारखान्याचे व्यवस्थापक इव्हन प्रॉबर्ट यांची काच’. पाटी खोटी नाही, पण अर्धीच आहे.

माझा जन्म पिट्सबर्गमधल्या एका काचभट्टीतला. माझा निळा रंग शोभेसाठी दिलेला नव्हता. पोलादाच्या भट्टीत उघड्या डोळ्यांनी पाहिले तर नुसता पांढरा भडका दिसतो आणि डोळे दिपतात. माझ्यातून पाहिले की आतले उकळते पोलाद आणि वरच्या छताची वीट न् वीट दिसते. मला विकत घेतले ते कॉन हॅनरॅटी नावाच्या आयरिश भट्टीवाल्याने. टोपीच्या कडेला खोचून तो मला मिरवत असे.

इव्हन त्याच्या हाताखाली आला तेव्हा तो वेल्समधून आलेल्या एका खाणकामगाराचा तरणाबांड मुलगा होता. कॉनने त्याला पहिला धडा माझ्यातूनच दिला.

“आधी छत बघायचं, मग पोलाद. विटा वितळून पाझरू लागल्या की भट्टी थकली समजायची. मग खुद्द मालक आडवा आला तरी आग विझवायची. कळलं?”

इव्हनला ते कळले, आणि चांगले कळले. काही वर्षांनी तोही मुख्य भट्टीवाला झाला, तेव्हा कॉनने मला त्याच्या हातात कोंबले.

“अहो, ही तुमची आहे.”

“मी दुसरी घेईन. तू ठेव. बढती झाली की माणसाची नजर जाते. तुझी जाऊ नये.”

पुढे इव्हन मुकादम झाला, मग देखरेखप्रमुख आणि चाळिशीत अख्ख्या कारखान्याचा व्यवस्थापक. सुरुवातीची वर्षे तो सकाळी आल्या आल्या, अंगातला कोट न काढता, मला घेऊन सहाही भट्ट्यांवर जाई. “निळा डोळा आला रे, कामाला लागा!” असे कामगार ओरडत. ते माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते.

मग त्याला गालिचा घातलेली कचेरी मिळाली. न्यूयॉर्कहून मालकांच्या तारा येऊ लागल्या. त्या उडू नयेत म्हणून त्याने मला त्यांच्यावर ठेवले. तिथेच माझ्यावर धूळ बसू लागली. ज्या कागदांवर मी पडून होते, त्यांच्यातूनच आता इव्हन कारखाना पाहत होता.

आमच्या नदीकाठी एक रीत होती. आठवड्यात सर्वांत जास्त पोलाद ज्या कारखान्याचे, त्याच्या धुराड्यावर झाडू चढे. बाकीच्यांना झाडून टाकले, असा त्याचा अर्थ. त्या झाडूपायी भलेभले वेडे होत. एका ऑक्टोबरात झाडू आमच्या हाताशी आला होता. शुक्रवारी दुपारी कॉन राखेने भरलेल्या बुटांनिशी थेट गालिच्यावर आला.

“तीन नंबरचं छत पाझरतंय. आग विझवू दे.”

“किती दिवस जातील?”

“दहा.”

“उद्या संध्याकाळपर्यंत कळ काढा, कॉन. झाडू आपलाच आहे. आणि तपासणीच्या कागदावर छत ठीक दिसतंय.”

“तो कागद सोमवारचा. साहेब, इथून दोनशे पावलं आहेत फक्त. चल, स्वतः बघ.”

इव्हनचा हात माझ्याकडे आला. मला वाटले, आता उचलणार. त्याने माझ्याखालची तार ओढून घेतली.

“उद्या बघू.”

“चढव बाबा तुझा झाडू,” कॉन म्हणाला. “उद्या राख झाडायलाही तोच लागेल.”

शनिवारी सकाळी खिडकीची तावदाने थरथरली. तीन नंबरचे छत आत कोसळले होते. कॉनने आपली माणसे आधीच मागे हटवली होती. दारापाशी तो एकटाच उभा राहून छतावर लक्ष ठेवत होता. जीव वाचला, पण दोन्ही डोळे गेले.

त्याच महिन्यात इव्हन कंपनीचा अध्यक्ष होणार होता. वकिलांनी चौकशीसाठी कागद तयार केला: ‘अपघात भट्टीवाल्याच्या हलगर्जीपणामुळे.’ फक्त इव्हनची सही हवी होती. सही झाली की त्याला खुर्ची मिळणार होती आणि आंधळ्या कॉनचे कंपनीने दिलेले घर जाणार होते.

सहीच्या आदल्या दिवशी इव्हनने मला खिशात घातले आणि तो कॉनकडे गेला. कॉनच्या बायकोने, ब्रायडीने, दार उघडले. इव्हन कॉनच्या खाटेजवळ बसला. त्याने मला कॉनच्या हातात ठेवले. मुठीवरूनच कॉनने मला ओळखले. त्याचा अंगठा माझ्यावरून फिरला आणि थांबला.

“किती धूळ रे ही! पुसतही नव्हतास?”

एवढेच. ना शिवी, ना शाप. इव्हन ओक्साबोक्शी रडला. मलाही रडू आले असते, पण काचेला ते जमत नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशीत त्याने वकिलांचा कागद बाजूला सारला. “भट्टीवाल्याने मला बघायला बोलावलं होतं. मी गेलो नाही. चूक माझी आहे,” असे तो सर्वांसमोर म्हणाला. अध्यक्षपद दुसऱ्याला मिळाले. इव्हनची रवानगी नदीच्या वरच्या अंगाला एका लहान कारखान्यात झाली. कॉनचे घर मात्र राहिले.

त्या लहान कारखान्यात इव्हन अकरा वर्षे होता. रोज सकाळी, कोट न काढता, मला घेऊन तो भट्ट्यांवर जाई. त्याच्या धुराड्यावर झाडू कधीच चढला नाही, आणि एकही छत पडले नाही. रविवारी तो कॉनकडे जाई. कॉन आधी मला मागून घेई, माझ्यावरून अंगठा फिरवी आणि मगच म्हणे, “बस आता. चहा घे.”

आता इथला रखवालदार मला रोज पुसतो. मी लख्ख आहे, पण माझ्यातून कोणी पाहत नाही. मित्रांनो, वस्तू जपा, पण त्या ज्या कामासाठी केल्या आहेत ते काम त्यांना करू द्या. आणि कोणी “चल, स्वतः बघ” म्हणाले, तर ती दोनशे पावले चाला.

आणखी एक विनंती आहे. माझ्याखालच्या पाटीवर एका नावापुरती जागा अजून शिल्लक आहे.