हळद लागलेले धोतर

मित्रांनो, मी एक जुने धोतर आहे, आणि जन्मापासून भित्रे आहे. मागावर होते तेव्हा सूत तुटेल म्हणून भ्याले. तंजावूरच्या गुरुराजांच्या कमरेला आले, तेव्हा त्यांच्या सायकलच्या साखळीला भ्याले. ते तिरुवैयारूला गाणे शिकवायला जात. “काय शुभ्र धोतर!” असे लोक म्हणत, तेवढे कौतुक मला पुरे होते. पुढे गुडघ्यापाशी विरले आणि ट्रंकेत पडून राहिले. तिथे झुरळांची भीती.

गुरुराजांची सून भुवना लहान मुलींचे रेशमी परकर शिवून मोबाइलवरून विकते. परकर पुठ्ठ्याच्या खोक्यातून जात, आणि खोकेच परकरापेक्षा जड! सगळी कमाई टपालखर्चात जाई.

“मामंजी, पेट्टीलाच वजन फार. जुनं धोतर असलं तर द्या, त्यांत शिवून धाडते,” ती एकदा म्हणाली. “हें एक पार्सल असं धाडून बघते. परत आलं तर धंदा पुरे.”

कात्री पाहून माझ्या काळजाचे पाणी झाले. तिने मला सोड्यात धुतले, कापले आणि परकर माझ्यात ठेवून शिवून टाकला.

आता तिच्या सासूबाईंचे, नागलक्ष्मींचे ऐका. नवे कपडे हळदीचे बोट लावल्याशिवाय घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, हा त्यांचा नेम.

“परकराला नको, आत्याबाई. घेणारे डाग म्हणतात,” भुवनाने बजावले होते.

पण जुना नेम कसा मोडवणार? भुवना चपला घालायला गेली, तेवढ्यात त्यांनी ओल्या हळदीचे बोट माझ्याच खालच्या कोपऱ्याला लावले. माझ्यात सोडा राहिला होता. पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली. तोवर मी पिशवीत होते, कुणाला दिसले नाही. पोस्टात माझे वजन झाले आणि कमी पैशांत काम झाले म्हणून भुवना हसली. मी मात्र थरथरत होते.

टपालाच्या गोणीत अंधार, वर ओझे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसे माझे झाले. होसूरला पोचले ते आपल्याच मराठी माणसांच्या घरी. परकर मागवणाऱ्या साईप्रियाने मला हातात घेतले, उलटे केले आणि ती किंचाळली.

“अय्यो, रक्त!”

मी जमिनीवर पडले. तिचे यजमान मुरलीकृष्ण काठी घेऊन धावले.

“शिवूं नको! पोस्टमन फाटकांतच आहे, परत देऊन टाक!”

परत! म्हणजे भुवनाचा धंदा संपला. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण कापडाला कुठली वाचा? काठीच्या टोकाने ते मला फाटकाकडे ढकलू लागले. तेवढ्यात साईप्रिया म्हणाली, “थांबा, आधी विचारतें.” तिने फोन लावला.

पलीकडे भुवनाचा आवाज कापत होता. “रक्त कुठून येईल, अक्का?” तिच्या मागून नागलक्ष्मी रडवेल्या झाल्या. “मीं हळद लावली ग, कोपऱ्याला!”

भुवना म्हणाली, “सोडा राहिला असेल त्यांत. अक्का, थोडं लिंबू पिळून बघा.”

साईप्रियाने दुरूनच लिंबू पिळले. डाग फिकट झाला, मग हळूहळू पिवळा झाला. मुरलीकृष्णांनी काठी भिंतीला टेकवली आणि पोस्टमनला पाणी विचारले.

साईप्रियाने सुरी घेतली, मी पुन्हा घाबरले. पण तिने ती खाली ठेवली. “हळदीच्या कापडाला सुरी नको,” म्हणत तिने सुईने एकेक टाका उसवला. परकर कोरा होता.

फोन चालूच होता. “परत नाहीं ना धाडत?” भुवना पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि साईप्रिया पुन्हा पुन्हा “नाहीं ग, नाहीं” सांगत होती.

मित्रांनो, मी भित्रे आहे, मला धीट व्हा म्हणायचा अधिकार नाही. एवढेच मागते, कुणाचे पार्सल परत धाडण्याआधी त्या घरी एकदा विचारा. तिकडे कुणीतरी तुमच्यापेक्षा जास्त घाबरून बसलेले असते.