किल्लेदाराची गाळलेली ओवी

अहमदपूरच्या आमच्या मठात श्रावणभर दुपारी पोथी लागते. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. अर्थ सांगणारा तीस वर्षं मीच, वीरण्णा गुरुजी. पोथी जुन्या काळातली, कवीचं नावही उरलेलं नाही. गोष्ट मात्र झोंबणारी. किल्ल्याला वेढा पडलेला, किल्लेदाराच्या बायकोचं मन शत्रूच्या सरदारावर जडलेलं. नवरा विश्वासाने चोरदरवाजाची किल्ली तिच्या हाती देतो आणि ती दार उघडते. त्या बाईला शिव्या घालायला मला कधी कंटाळा आला नाही.

यंदा वाचायला माझी लेक अंजू बसली. जावई अमरनाथ फौजेत, आणि सीमेवर लढाई पेटलेली. अंजूचा जीव नांदेडच्या एका मास्तरात गुंतलाय, तिला काडीमोड हवाय, हे फक्त मला ठाऊक. "त्यांना सांगून टाकते," ती म्हणाली, तेव्हा मी खेकसलो, "तो तिकडं गोळ्या झेलून राहिला अन् तू हे सांगतीस? लढाई संपंस्तवर गोड बोल!" अमरनाथला काय निरोप धाडायचे तेही मीच सांगायचो. शहाणपणाची घमेंड, दुसरं काय!

बाराव्या अध्यायात मी दरवर्षी गाळायला लावायचो ती ओवी अंजूने वाचली. मरता किल्लेदार बायकोला म्हणतो, खरं सांगितलं असतंस, तर मीच तुला दाराबाहेर सोडलं असतं.

समोर अमरनाथची आई, साखराबाई बसलेल्या. मी घाईघाईने म्हणालो, "म्हणजे नवरा भोळा होता. पुढं वाच."

"न्हाई अप्पा. तसा अर्थ न्हाई."

आणि साखराबाईंकडे बघत तिने सगळं सांगून टाकलं.

साखराबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "घरचं बिनसलंय म्हनून त्यानं सुट्टी मागितलती. मिळाली बी. मंग म्हनला, आई, अंजू आता लई मायेनं बोलून राहिली, घोर न्हाई. सुट्टी सोडून पुढच्या चौकीवर गेला." मग माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, तुमाला ठाव होतं?"

"हाव," मी म्हणालो.

निरोप माझे होते, हे मात्र तोंडातून निघेना. मी अंजूकडे पाहिलं. तिनेही ते सांगितलं नाही.