वरच्या पडद्यावरची वाक्यं

आमच्या नाटकात माझं काम बटण दाबायचं. नट वाक्य बोलला, की त्याचं भाषांतर रंगमंचाच्या वरच्या पडद्यावर उमटवायचं. या परक्या शहरात आपली भाषा कळणार कुणाला?

मुख्य नट म्हणजे माझे बाबा. सगळा जन्म रंगात गेलेला, तोंडाने फटकळ. दुसऱ्याची चूक त्यांनी कधी पोटात घातली नाही, स्वतःचीही नाही. अलीकडे ते विसरायला लागले होते. निघण्यापूर्वी त्यांनी मला बजावलं, "लोक तोंडावर गोड बोलतील. तू नको बोलूस. माझं गाडं घसरलं, की सरळ सांग. त्या दिवशी रंग पुसला तो कायमचा पुसला. माझं हसं झालेलं मला खपणार नाही." मी शब्द दिला. देताना काय जातंय!

प्रयोग दुपारचा होता. सकाळी आम्ही दोघं पायीच थिएटरकडे निघालो. बाबा भलतेच खुशीत होते. "इमारती बघ, सगळ्या एकाच आईच्या लेकी." पुलापलीकडे घड्याळांचं दुकान लागलं. काचेला नाक लावून ते म्हणाले, "या बाजूला आपण आलोच नव्हतो." त्याच काचेसमोर आम्ही काल उभे होतो, परवाही.

दिग्दर्शक बाबांचाच शिष्य. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तर म्हणाला, "ताई, कशाला घाबरतेस? इथे झाकली मूठ आहे."

पहिला अंक निभावला. दुसऱ्यात म्हातारा वकील भर कोर्टात स्वतःचाच गुन्हा कबूल करतो. लांबलचक भाषण, सगळं नाटक त्यावर उभं. बाबा पुढे आले, थांबले आणि म्हणाले, "अगं ए, दूध उतू जातंय. गॅस बंद कर."

आई जाऊन चार वर्षं झाली होती.

"कुठे गेलीस? मघापासून हाका मारतोय." ते टेबलामागे वाकून बघायला लागले. कानातल्या हेडफोनमध्ये दिग्दर्शक ओरडत होता, "दाब! पुढचं वाक्य दाब!" मी दाबत गेले. वर लिहून येत होतं, दोषी मीच आहे, मला शिक्षा करा. खाली माझा बाप माझ्या आईला शोधत होता. पहिल्या रांगेतल्या बाईने डोळ्यांना रुमाल लावला. मला सगळ्या प्रेक्षागृहाचा संताप आला. शेवटी सगळे उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात.

मेकअपच्या खोलीत बाबा फुलून आले होते. "बघितलंस? उभे राहिले! बोल, कसा झाला?"

मी दार लावलं. "बाबा, लोक वरचं वाचत होते. तुम्ही ते भाषण म्हटलंतच नाही. आईला हाका मारत होतात."

क्रीम लावलेला त्यांचा हात गालावरच राहिला. "सगळा वेळ?"

"हो."

त्यांनी आरशात बघितलं. मग म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. संपलं." आणि हमसून हमसून रडले. मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं, मीही रडले. वाटलं, सुटलो एकदाचे. आता हे पुन्हा सांगावं लागणार नाही.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. पुलावर बाबांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि माझ्याकडे वळले.

"बरं, आता खरं खरं सांग. कसा झाला प्रयोग?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण चेहऱ्यावर थट्टा नव्हती, नुसती उत्सुकता होती. पुन्हा सांगायचं म्हणजे पुन्हा तो आरशातला चेहरा बघायचा. संध्याकाळी पुन्हा, उद्या पुन्हा.

"छान झाला, बाबा. लोक उठून उभे राहिले."

"मग झालं तर!" त्यांनी माझा हात दाबला. "आता दिग्दर्शकाला सांग, आपल्याकडे प्रयोग लाव म्हणून. तिथे वर लिहावं लागत नाही. तिथली माणसं शब्दन् शब्द ऐकतात."